चुकणारा ठोका

१

दुपारचा दवाखाना म्हणजे खाज, पुरळ आणि गळणारे केस. बाहेरच्या टेबलावर नंबर देणाऱ्या मावशी त्याला ‘खाजेची पाळी’ म्हणायच्या. त्या दिवशी दोन पेशंटांच्या मधल्या फटीत मावशी आत आल्या आणि दार ओढून घेत म्हणाल्या, “बाहेर एक आजोबा बसलेत. शेजारच्या बाईंचा हात हातात घेऊन त्यांनी मलम बदलायला सांगितलं. आता दुसरीकडे बघतायत. असंच चाललं तर आपल्याकडे आत कोणी यायचं नाही.”

डॉक्टरीणबाईने दार किलकिलं करून पाहिलं आणि ती उभीच राहिली. बाकावर, नंबराचा चिटोरा बोटांत धरून, सर बसले होते.

तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली ती त्वचेचं शास्त्र शिकली ते हे सर. कोटाच्या खिशात कायम भिंग असायचं म्हणून मुलं त्यांना पाठीमागे ‘भिंग’च म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही असावं. सगळा वर्ग त्यांना टरकून असायचा आणि सगळ्या वर्गाला त्यांच्यासारखं व्हायचं असायचं. रोग्याचे कागद आधी वाचले की ते रागवायचे. आधी माणूस बघायचा, मग कातडी, मग कागद. आणि हात लावायचा तो उघडा. आपल्या अंगाची कुणाला किळस येत नाही, एवढं जरी रोग्याला कळलं तरी निम्मं औषध झालं, असं ते सांगायचे.

त्यांना आधी आत घ्यायला ती स्वतः बाहेर गेली. त्यांनी चिटोरा वर करून दाखवला आणि तिला आत पिटाळलं. त्यांचा नंबर येईपर्यंत तिने आणखी तिघांना तपासलं, पण त्या तिघांना काय झालं होतं ते तिला संध्याकाळी आठवेना.

सर आत आले तेव्हा त्यांची लेक सोबत होती. लेकीला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. मग शर्ट काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसले.

“वर्णन कर, मागचा बाक,” ते म्हणाले. ती वर्गात मागच्या बाकावर बसायची, तेव्हापासून तिचं हेच नाव होतं. “निदानाची घाई नको.”

पाठीच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या हाडाखाली, जिथे माणसाचा स्वतःचा हात काही केल्या पोचत नाही, तिथे एक गाठ होती. ती वर्णन करू लागली आणि बोलता बोलता तिला पुन्हा परीक्षेला बसल्याचा जुना आनंद झाला. अर्ध्या लिंबाएवढी. कातडीच्याच रंगाची, किंचित गुलाबी. वरून गुळगुळीत. खालच्या बाजूला कड मात्र काळपट आणि वेडीवाकडी. ही कड तिला आवडली नाही, आणि ते तिने तसं सांगितलं.

“बरं. आता हात लाव.”

तिने हातमोजा न घालता दोन बोटं ठेवली. गाठ उबदार होती, बाकीच्या पाठीपेक्षा जास्त. आणि बोटांखाली ती उडत होती.

गाठ उडते म्हणजे तिच्यात रक्तवाहिन्या असणार. त्यात नवल काही नाही, फक्त सुरी चालवताना जपायचं. सवयीने तिने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. मनगटातली नाडी संथ, सरळ, घड्याळासारखी चालली होती. गाठ तशी चालत नव्हती.

तिने बोटं उचलली आणि पुन्हा ठेवली. आपल्याच बोटाच्या टोकातली नाडी आपल्याला लागते आणि ती रोग्याची वाटते, ही चूक पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा करतात. ती चूक तिने वगळली. हाताची अदलाबदल केली. अंगठा वापरला नाही ना, तेही पाहिलं. एक शरीर, एक हृदय, आणि दोन हातांना दोन वेगळ्या चाली.

सर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

“जुळत नाहीत ना?” ते हळूच म्हणाले.

२

पायातल्या रक्तवाहिन्या तपासायला तिच्याकडे एक छोटं यंत्र होतं. पेनासारखी दांडी अंगावर टेकवायची, की आतलं रक्त वाहताना कसं वाजतं ते ऐकू येतं. ती ते घेऊन आली. मनगटावर टेकवल्यावर खोलीत संथ फूत्कार सुरू झाले, एकासारखा एक. सर हृदयाची गोळी घेत होते, त्या गोळीने बांधून दिलेली ही चाल होती.

मग तिने दांडी गाठीवर टेकवली.

तीन ठोके आले, लागोपाठ. मग काहीच नाही. एवढा वेळ काहीच नाही, की दांडी सरकली असं वाटून ती हलवायला गेली. तोच एक जोरकस ठोका आला आणि पुन्हा तीन हलके. पुन्हा ती रिकामी जागा. यंत्राचा आवाज खरं तर खरखरीत, पण हा आवाज मऊ होता. पंख्याचा आवाज, बाहेर मावशींचं कुणाशी तरी चाललेलं बोलणं, सगळं त्याच्यामागे गेलं.

भीती वाटण्याआधीच तिला एक ओळख वाटली. ही चाल तिने कुठेतरी पूर्वी हाताळली होती. ऐकली नव्हती, हाताळली होती.

तिने सरांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि मान थोडी कलती केली होती, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असेल तर आपण करतो तशी. त्यांना दुखत नव्हतं. ते ऐकत होते.

“सर, हे काय आहे?”

“ते तू मला सांगायचं. मी पेशंट आहे.” मग जरा थांबून, “आणखी थोडा वेळ चालू ठेवशील?”

तिने ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना सोनोग्राफीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांचा तिला फोन आला. गाठीत रक्त खेळतं आहे हे दिसत होतं, पण ते येतं कुठून ते दिसत नव्हतं. पाठीतली एकही वाहिनी गाठीत शिरत नव्हती आणि गाठीतली एकही बाहेर पडत नव्हती. आतल्या आत फिरत होतं. शेवटी ते हसत म्हणाले की मशीन जुनं झालंय, नवीन घ्यायला मालक ऐकत नाहीत. तीही हसली. मशीन जुनं असल्याचं ऐकून तिला केवढं हायसं वाटलं, हे तिने स्वतःलाही कबूल केलं नाही.

३

रविवारी दुपारी ती सरांच्या घरी गेली. शिकत असताना त्यांचे रविवारचे वर्ग याच घरात भरायचे. जिना चढताना डाव्या हाताचा कठडा तसाच हलत होता. बैठकीच्या खोलीत पुस्तकांची कपाटं जागच्या जागी होती. खिडकीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. एकीच्या गादीला बसून बसून खोलगा पडला होता आणि दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

सर आत झोपले होते. लेकीने तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला आणि आवाज खाली आणून बोलायला लागली. आई गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हापासून बाबा शर्ट काढून घरात बसेनासे झाले होते. गाठ आहे हे त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. तिला ते कळलं जेवायच्या टेबलाशी. ती त्यांच्या मागून ताट घेऊन येत होती. बाबा स्वस्थ बसले होते, हात टेबलावर, पंखा बंद.

“ताई, त्यांचा शर्ट हलत होता,” लेक म्हणाली. “पाठीवरचा एवढासाच भाग. आतून कुणी बोट लावावं तसा. मध्येच थांबायचा. मला वाटलं पाल गेली आत. मी झटकायला हात पुढे केला, तर बाबा माझ्यावर जन्मात ओरडले नव्हते तसे ओरडले.”

हात लागला का, असं तिने विचारलं. लेकीने मान हलवली. नव्हता लागला.

चहाचा कप तिने तोंडाशी नेला आणि तिथेच तिला ते आठवलं. याच घरात, बाहेरच्या त्या खिडकीशी, काकू बसायच्या. सरांच्या बायकोला सगळी मुलं काकूच म्हणायची. रविवारच्या वर्गात नाडी परीक्षा शिकवताना सर त्यांना हाक मारायचे आणि काकू हातातलं काम टाकून, साडीच्या पदराला हात पुसत, मनगट पुढे करायच्या. “घ्या रे बाबांनो, माझं बिघडलेलं घड्याळ,” असं म्हणून हसायच्या. त्यांच्या हृदयाचा एक ठोका लहानपणापासून चुकायचा. जिवाला धोका नव्हता, पण शिकणाऱ्यांना तो हुडकायला द्यायला सरांना फार आवडायचं. तीन ठोके, मग रिकामी जागा, मग जोरकस एक. कोवळी पोरं त्या रिकाम्या जागेत घाबरायची. बाई गेल्याच की काय, असं एकाने म्हटलं होतं आणि काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

कप बशीत ठेवताना वाजला. लेक काही विचारणार होती, पण आतल्या खोलीतून सरांची हाक आली.

ते पलंगावर पालथे निजले होते. हल्ली ते असेच निजतात, हे ती येताना लेकीकडून ऐकून होती.

“ओळखलंस,” ते म्हणाले. तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. “चालण्यावरून कळलं.”

मग ते शांतपणे सांगत गेले, रोग्याची हकीकत सांगावी तसे. काकू रोज त्यांच्या पाठीला मलम लावत. शेवटच्या आजारपणातही त्यांनी ते सोडलं नाही. एक दिवस त्या म्हणाल्या, इथे बारीक काहीतरी आलंय आणि ते धडधडतंय. सरांनी हसण्यावारी नेलं. काकू गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी उताणे निजले असताना गादीवर त्यांना ती चाल लागली. त्यांनी पहिलं निदान केलं ते दुःखाचं: म्हाताऱ्या माणसाला गेलेल्या बायकोची पावलं ऐकू येतात, त्यातलाच प्रकार. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि स्वतःही त्यावर विश्वास ठेवला नाही. महिन्यामागून महिने विश्वास न ठेवता ते रोज ऐकत राहिले.

“मला भास होतोय का, एवढंच बघायला तुझ्याकडे आलो होतो,” ते म्हणाले. “तू यंत्र लावलंस आणि ते तुलाही ऐकू आलं. आता पुढचं बघू. कड कशी वाटते?”

“वाईट, सर.”

“मग तुकडा घे. कडेचा घे आणि मधलाही घे. माझा जीव कुठे अडकलाय त्याचा विचार करायचा नाही. पेशंटने गाठीवर माया केली म्हणून गाठ चांगली होत नाही.”

मोठ्या मनाचा माणूस म्हणतात तो हा, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्या सदऱ्यावर, खांद्याखाली, कापड बारीक उचललं गेलं आणि खाली बसलं. तिने नजर खिडकीबाहेर नेली.

४

तुकडे तपासायला गेले ते तिच्या वर्गमित्राकडे. हा आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. रोग्यांशी बोलावं लागत नाही म्हणूनच आपण हा धंदा निवडला, असं तो सांगायचा. निकाल लिहून पाठवण्याआधी त्याने तिला बोलावून घेतलं. लॅबमध्ये औषधांचा डोळ्यांना झोंबणारा वास होता. काचपट्ट्या ट्रेमध्ये ओळीने मांडलेल्या होत्या.

“या बाईंचं वय काय गं?” त्याने विचारलं.

“कुठल्या बाईंचं?”

“पाठीच्या गाठवाल्या.”

तिने सांगितलं की पेशंट पुरुष आहे. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तिला दुसऱ्या स्टुलावर बसवून भिंगातून पाहायला लावलं. बाईच्या पेशींच्या केंद्रात, अगदी कडेला चिकटून, एक गडद ठिपका असतो. पुरुषाच्या पेशीत तो नसतो. हे तीही शिकली होती, विसरली होती, आणि आता तिच्या डोळ्यांसमोर तो ठिपका होता, एकात नाही, जागोजागी. त्याने पट्टी बदलली. ही कडेची. इथल्या पेशी बिघडलेल्या, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या. इथे ठिपका कुठेच नव्हता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. तिच्या दवाखान्यात दोन माणसांचे तुकडे एका बाटलीत गेले. एक कुणी म्हातारा, त्याला कातडीचा कर्करोग आहे. एक कुणी बाई, तिला काहीच झालेलं नाही. तिचे स्नायू उत्तम आहेत.

“स्नायू?”

“हो ना, तेच म्हणतो. कातडीत असा स्नायू कुठला आलाय? हा हृदयात असतो.” तो हसला. “तुझ्या मावशींना सांग, चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

तिने त्याला सांगितलं नाही की त्या आठवड्यात तिने एकाच माणसाचे तुकडे घेतले होते, स्वतःच्या हाताने, आणि बाटलीचं झाकण स्वतः लावलं होतं. सांगितलं असतं तर त्याने मान्य केलं नसतं. आणि मान्य केलं असतं तर ते तिला जास्त जड गेलं असतं. उठताना तिने एवढंच विचारलं की कडेचा रोग पसरलाय का. अजून नाही, तो म्हणाला. पण वाट बघू नको. सगळंच काढ, भोवतालची चांगली कातडीसुद्धा घे.

परतताना ती पायीच निघाली. सरांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव ती रस्ताभर करत होती. मधला भाग ठेवून नुसती कड काढता येईल का? कागदावर चित्र काढून पाहण्याची गरज नव्हती. नाही येणार, हे तिला लॅबच्या पायऱ्या उतरतानाच कळलं होतं. पण हे असं उत्तर ज्यांनी तिला द्यायला शिकवलं त्यांनाच ते द्यायचं होतं.

सरांनी ते उभ्याउभ्याच ऐकलं. बाईच्या पेशींचंही तिने लपवलं नाही. त्यांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं, ठिपका कसा दिसतो तेही विचारलं, आणि त्यांचा चेहरा क्षणभर इतका तरुण झाला की तिला बघवेना. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाऊन चष्मा लावला आणि कुठला दिवस सोयीचा आहे ते विचारलं.

५

शस्त्रक्रियेची खोली लहानशी होती. वरून मोठा दिवा, पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. सकाळचं ऊन धुरकट काचेतून आत येत होतं. सर पालथे निजले होते. त्यांना पूर्ण भूल द्यायची नव्हती, जागेपुरतं इंजेक्शन पुरेसं होतं. मदतीला एक अनुभवी नर्स होती, कमी बोलणारी.

ते यंत्र शेवटपर्यंत चालू असावं एवढीच सरांनी गळ घातली होती. म्हणून तसलं आणखी एक यंत्र मागून आणलं होतं; एकाची दांडी मनगटावर बांधली होती आणि दुसऱ्याची नर्सने गाठीच्या बाजूला धरली होती. खोलीत दोन चाली होत्या. एक संथ, एक चुकणारी.

पहिला छेद गेला तेव्हा सरांची नाडी जागची हलली नाही. दुसरी मात्र धावू लागली. नर्सने यंत्राकडे पाहिलं, सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. तिच्या कपाळावरचा घाम दिव्यात चमकत होता.

“घाबरलीय,” सर उशीत तोंड खुपसून म्हणाले. “हात हलका ठेव.”

तिने हात हलका ठेवला. इतकं नेटकं काम तिने पूर्वी कधी केलं नव्हतं, पुढेही होणार नव्हतं. रक्त जवळजवळ आलंच नाही. कातडीचं शेवटचं टोक सुटलं, गाठ चिमट्यात वर आली, तिने ती स्टीलच्या पसरट भांड्यात ठेवली आणि वर ओली जाळीची पट्टी टाकली. दांडी आता हवेत होती. त्या यंत्रातून फक्त खरखर येऊ लागली आणि नर्सने ते बंद केलं. मनगटाची चाल तेवढी राहिली.

तिने टाके घातले. टाके घालताना तिची पाठ भांड्याकडे होती. पण नर्सची नव्हती, आणि नर्सचे हात मध्येच थांबले.

ती वळली. भांड्यातली पट्टी उचलली जात होती. फार नाही, कागदाच्या जाडीइतकी. तीन वेळा, मग नाही. मग एकदा, चांगली वर.

कापलेला स्नायू थोडा वेळ हलतो, तिने स्वतःला बजावलं. हे पुस्तकात आहे. थोडा वेळ म्हणजे किती, ते पुस्तकात नव्हतं.

“थांबली का?” सरांनी विचारलं.

रोग्याशी खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच तिच्या हाडीमाशी खिळवलेलं. “नाही, सर.”

त्यांची पाठ हुंदक्याने हलेल असं तिला वाटलं, पण टाके बिघडतील म्हणून की काय, त्यांनी तीही हलू दिली नाही.

“मला उठता येत नाही,” ते म्हणाले. “तू हात लावून बस. एकटी नको राहायला.”

नर्सला तिने बाहेर पाठवलं. मग हातमोजे काढले, स्टूल ओढलं आणि पट्टीखाली दोन बोटं सरकवली. गाठ अजून उबदार होती. तीन ठोके, रिकामी जागा, एक. किती वेळ ती बसली, कुणास ठाऊक. काचेवरचं ऊन फरशीवर उतरलं. रिकाम्या जागा लांबत गेल्या. एका जागेत तिला वाटलं, झालं आता. आणि ती बोटं काढून घेणार, तेवढ्यात पट्टीखाली काहीतरी सावकाश वळलं आणि तिच्या बोटांभोवती मिटलं. घट्ट नाही. नाडी बघणारा नेमकी जागा शोधत चाचपडतो, तसं ते तिच्या बोटांच्या पेरांवरून चाचपडत गेलं, एका ठिकाणी थांबलं आणि हलकेच दाबलं.

ओरडावं, हात झटकावा, असं शरीराच्या कणाकणाला वाटत होतं. तिने हात काढला नाही. समोर सर पालथे पडून होते, मान तिच्या दिशेला, डोळे उघडे. त्यांच्यासमोर तिला हात काढून घेता आला नाही.

मग पट्टी खाली बसली आणि बसलेलीच राहिली.

“थांबली,” ती म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

६

दोन दिवसांनी वर्गमित्राचा फोन आला. आज त्याला विनोद सुचत नव्हता. कड पूर्ण आली आहे, रोग सगळा निघाला आहे, म्हातारा सुटला, असं त्याने आधी सांगून टाकलं. मग विचारलं की मधला भाग तिने वेगळा ठेवला आहे का. बाटलीत नुसती कातडीची कडी होती. मध्ये पोकळी. कापून घेतल्याची खूण नाही, नुसती गुळगुळीत पोकळी, फळातून बी निघून जावी तशी.

तिने वेगळं काही ठेवलं नव्हतं. तसं तिने सांगितलं आणि फोन ठेवला.

टाके काढायला सर एकटेच आले. रांगेत बसले, पण कुणाचा हात तपासला नाही, असं मावशींनी येऊन सांगितलं. जखम सुरेख भरली होती. रेघ सरळ, बारीक, कुठे लाली नाही. तिने टाके काढले. त्यांनी तिच्या कामाचं कौतुक केलं, आणि त्यांच्या तोंडून आलेलं कौतुक तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी, उगीच आपलं बघायचं म्हणून, यंत्र लावायला सांगितलं.

तिने दांडी जखमेच्या जागी टेकवली. खूप आतून, लांबून, त्यांची स्वतःची संथ चाल आली. दुसरं काही नाही. तिने बाजूला टेकवून पाहिलं, वर, खाली. सर भिंतीकडे बघत होते.

“पुरे,” ते म्हणाले. “नाही ते नाही.”

ते शर्टाची बटणं लावू लागले. तिने दांडी पुसायला म्हणून डाव्या हातात घेतली. यंत्र चालूच होतं, दांडीवर अजून जेल होतं, आणि तिचं टोक तिच्याच मनगटाला टेकलं.

तीन ठोके आले. मग काहीच नाही. मग एक जोरकस.

सरांची बोटं बटणावर थांबली. ते वळले. तिने दांडी काढली नाही; तिला ती काढताच आली नाही. तीन ठोके, आणि पुन्हा ती जागा. तिच्या स्वतःच्या छातीत, आत, काहीतरी त्या जागेशी येऊन अडखळलं, आणि गेले काही दिवस जिना चढताना मध्येच दम का लागत होता हे तिला कळलं.

सरांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते तिला नंतर कुणालाही सांगता आलं नाही. त्यांचा हात पुढे आला. पण तो तिच्या मनगटाकडे गेला नाही. त्याने यंत्राचं बटण शोधलं आणि ते बंद केलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

“माहीत नाही, सर. आठवडाभर असेल.”

“चक्कर येते? दम लागतो?”

“दम लागतो, थोडा.”

“आता ताबडतोब हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं. मी बरोबर येतो. मावशींना बाकीचे पेशंट उद्या बोलवायला सांग.” त्यांनी उरलेली बटणं लावली, एक बटण भलत्याच काजात गेलं, ते त्यांनी काढून पुन्हा लावलं. “भीती वाटतेय?”

“हो.”

“वाटू दे. आधी तपासणी, बाकी सगळं नंतर.”

हृदयाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांना बसायला लागलं. लांबलचक पॅसेज, भिंतीला लावलेला बाक, टोकाला बंद दार. सर तिच्या शेजारी ताठ बसले होते. दोन्ही हात त्यांनी काखेत घट्ट दाबून धरले होते, थंडी वाजत असावी तसे. थंडी नव्हती. त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नाही, बघितलंसुद्धा नाही. समोरच्या भिंतीवरच्या सूचना ते पुन्हा पुन्हा वाचत होते.

तिने बाही वर सारली आणि हात उलटा करून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला.

सरांनी तो पाहिला. बऱ्याच वेळाने त्यांनी एक हात काखेतून काढला आणि दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली, इतकी हलकी की तिला ती जेमतेम लागली. दाराआडून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. कुणीतरी उठून गेलं.

एक ठोका झाला. दुसरा. तिसरा. आणि मग त्या रिकाम्या जागेत ती दोघं श्वास धरून थांबली.